टाळ्यांचा हिशेब

२३ सप्टेंबर २०२४ ची संध्याकाळ. आमच्या नाक्यावरच्या हॉटेलात मी चहा घेत बसलो होतो. टीव्हीवर बातमी झळकली. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला इसम तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून ठार झाला होता. हॉटेलात एकदम टाळ्या पडल्या. हॉटेल मुसलमानाचे, गिऱ्हाइकेही निम्म्याहून जास्त मुसलमान. सर्वांत मोठी टाळी वाजवली ती माझ्या सख्ख्या भाच्याने. "मामू, देखे क्या? इसकू बोलते सिंघम!"

मी गप्प बसलो. त्या लेकरांच्या आईबापांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला की अशा वेळी तोंडातून शब्द फुटत नाही, हे मी कबूल करतो. आणि काही बोललो असतो तर "अत्याचाऱ्याची बाजू घेतो" असे ऐकावे लागले असते. नंतर मुंबईत फलक लागले. राज्याच्या गृहमंत्र्यांच्या हातात पिस्तूल, आणि वर दोनच शब्द, 'बदला पुरा'. गावाच्या नावावर केलेली कोटी. हॉटेलातली टाळी आणि रस्त्यावरचा तो फलक यांत अंतर किती? मला तर काहीच दिसले नाही.

बदलापूरकरांचा संताप मुळात कोणावर होता, हे आज किती जणांना आठवते? ऑगस्ट २०२४ मध्ये पालक तक्रार द्यायला गेले तेव्हा त्यांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवले गेले. त्या दिरंगाईची चीड लोकांना २० ऑगस्टला रेल्वेच्या रुळांवर घेऊन आली. अधिकाऱ्यांना निलंबित करावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सरकारचे कान उपटले. म्हणजे पिंजऱ्यात आरोपीच्या शेजारी पोलीस खातेही उभे होते. महिन्याभरात गोळी सुटली आणि खाते पिंजऱ्यातून उठून थेट मखरात जाऊन बसले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. त्यात पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरले होते, आणि ज्या पिस्तुलाने आरोपीने गोळी झाडली असे सांगितले जात होते त्यावर त्याच्या बोटांचे ठसे नसल्याचेही म्हटले होते. ती बातमी मी त्याच हॉटेलात वाचली. त्या दिवशी कोणी टाळी वाजवली नाही, कोणी शिवीही दिली नाही. पान उलटले गेले.

तारखेचाही एक योग आहे. बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतल्या मृत्यूंबाबत सोळा कलमी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली होती. तो खटला आपल्या मुंबईचाच. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत सुमारे ९९ चकमकींत १३५ च्या आसपास माणसे मारली गेली, म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज न्यायालयात गेली होती. त्या तत्त्वांतले एक मला फार बोलके वाटते. चकमकीनंतर लगेच संबंधित पोलिसांना बढती किंवा शौर्यपदक देऊ नये, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच द्यावे, असे त्यात आहे. न्यायालयाला हे लिहून का ठेवावे लागले? कारण माणूस मारणे ही बढतीची पायरी होऊन बसली होती, आणि ती पायरी बांधणाऱ्यांत पोलिसांइतकाच पत्रकारांचा, सिनेमावाल्यांचा आणि तुमच्या-माझ्यासारख्या तिकीट काढणाऱ्यांचा हात होता.

माझे म्हणणे एवढेच आहे. पोलिसाची जी प्रतिमा वर्तमानपत्रे, वाहिन्या आणि चित्रपट आपल्या मनात उभी करतात, तिच्यातून पुढे कायदे निघतात, बढत्या निघतात, निलंबित माणसे सन्मानाने परत घेतली जातात. याची किंमत मोजणाऱ्यांच्या रांगेत आपला समाज पुढे उभा आहे. आणि गंमत अशी, की टाळ्या वाजवणाऱ्यांच्या रांगेतही तो आहे.

आधी शब्दांकडे पाहू. आपण मराठीत लिहिणारी माणसे, तेव्हा ते आपलेच काम. 'चकमक' हा मूळचा गारेचा दगड. तो एकटा पेटत नाही, त्यावर पोलाद आपटावे लागते तेव्हा ठिणगी उडते. म्हणजे चकमकीला दोघे लागतात. पण ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला, मुंबईतली पहिली चकमक म्हणून ती सांगितली जाते, तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांनी हा शब्द पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातून जसाच्या तसा उचलला. 'प्रत्युत्तरादाखल केलेल्या गोळीबारात' हे शब्दही त्याच पत्रकातले. मग त्यावर बातमीदाराने आपल्या पदरचे दागिने चढवले. गुंडाचा 'खात्मा' केला, अतिरेक्याला 'कंठस्नान' घातले, टोळीच्या 'मुसक्या आवळल्या'. कंठस्नान! हा शब्द पोवाड्यात शोभतो. न्यायालयात अजून उभाही न राहिलेल्या माणसाविषयी तो छापताना उपसंपादकाचा हात अडखळला नाही. 'संशयित' हा साधा चार अक्षरी शब्द तेवढा जागेअभावी गळाला.

यात बातमीदार दुष्ट असतो असे मी म्हणत नाही. गुन्हेवार्ता लिहिणाऱ्याची रोजची भाकरी ठाण्यातून येते. ज्याने आज साहेबांना नाराज केले त्याला उद्याची बातमी मिळत नाही. पोलिसांचे पत्रक अंक लागायच्या वेळेत हातात पडते. मेलेल्याची आई पत्रक काढत नाही. ती बोलते तेव्हा अंक छापून झालेला असतो, आणि बोलतेही अशा दख्खनीत किंवा भोजपुरीत, की दालनातल्या मुलाला अर्धे कळते. 'पोलीस सूत्रांनी सांगितले' या तीन शब्दांवर अशी वर्षानुवर्षे पहिली पाने उभी राहिली. 'एन्काउंटर स्पेशालिस्ट' ही पदवी कोणत्याही पोलीस नियमावलीत नाही. ती वर्तमानपत्रांनी बहाल केली आणि सोबत आकडे छापले, अमक्याच्या नावावर इतके, तमक्याच्या नावावर तितके. क्रिकेटच्या धावा छापतात तसे.

सिनेमाने हा आकडा थेट नावात घेतला. 'अब तक छप्पन' २००४ चा. नाना पाटेकरांचा साधू आगाशे. छप्पन म्हणजे मारलेल्यांची संख्या. पण त्याआधी आणखी एक मराठी फौजदार पडद्यावर येऊन गेला होता, त्याची आठवण दिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन, आणि १९८३ सालचा 'अर्धसत्य'. त्यातला अनंत वेलणकर कोठडीत एका भुरट्या चोराला इतका मारतो की तो मरतो. त्या मृत्यूचे काय करायचे हे वेलणकरला कळत नाही, प्रेक्षकालाही कळत नाही. चित्रपटगृहातून माणसे मान खाली घालून बाहेर पडली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो, मला ते आठवते. पोलिसाच्या हातून झालेला मृत्यू ही शरमेची, माणूस आतून मोडण्याची गोष्ट असते, हे सांगायला मराठी लेखक होते. पुढच्या वीस वर्षांत ती शरम गेली कुठे?

२००७ ला 'शूटआउट ॲट लोखंडवाला' आला, २०११ ला 'सिंघम'. 'सिंघम'च्या शेवटी सगळे पोलीस दल एका राजकारण्यावर तुटून पडते आणि न्याय झाला असे आपल्याला सांगितले जाते. २०१८ च्या डिसेंबरात 'सिम्बा' आला. त्यात तर बलात्काराच्या आरोपींना पोलीस ठाण्यातच गोळ्या घालतात आणि प्रकरण चकमकीचे म्हणून रंगवतात, आणि प्रेक्षक शिट्ट्या मारतो. वर्षही उलटले नाही. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी पहाटे मारले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सिनेमा पाहून पोलिसांनी गोळी झाडली असा बाळबोध दावा मी करणार नाही. पण फुले उधळणाऱ्यांनी ती फुले कशी उधळायची हे कुठे तरी पाहून ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने न्या. सिरपूरकर यांचा आयोग नेमला. आपल्या नागपूरचे हे न्यायाधीश. २०२२ मध्ये आयोगाने सांगितले की पोलिसांची कहाणी विश्वास ठेवण्याजोगी नाही, गोळीबार मारण्याच्याच हेतूने केला गेला, आणि चौघांपैकी तिघे तर अल्पवयीन होते. त्यावर कोणी सिनेमा काढील असे मला वाटत नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी 'सिंघम'चे नाव घेऊन जाहीर भाषणात हाच धोका सांगितला होता. त्याची दोन दिवस चर्चा झाली, नंतर 'सिंघम'चा पुढचा भाग आला.

आता कायद्याकडे. ज्यांना वाटते की हे सारे करमणुकीचे आहे, त्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, हा नियम इंग्रजाने १८७२ च्या पुरावा कायद्यात घातला. आपल्या पोलिसांना तो परका पण नीट ओळखत होता. २०२४ मध्ये नवे कायदे आले तेव्हाही हा नियम ठेवावा लागला. पण १९९० च्या दशकात मुंबईत रोज टोळीयुद्धाच्या बातम्या, खंडणी, बिल्डरांवर गोळीबार. भीती खरी होती, हे मी नाकारत नाही. त्या भीतीवर वर्तमानपत्रांनी एकच चित्र रोज काढले: गुंड मोकाट, न्यायालये संथ, पोलिसांचे हात बांधलेले. या 'बांधलेल्या हातां'नी १९९९ मध्ये मोक्का आणला. त्यात उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब पुरावा ठरला. विधिमंडळाला कोण विरोध करणार? विरोध करणारा गुंडांचा हस्तक ठरला असता.

सात वर्षांनी हे हत्यार कोणावर चालले ते पाहा. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. घरी परतणारे चाकरमाने, त्यात हिंदू होते, मुसलमान होते, सगळे होते. ज्याने हे केले तो माणुसकीचा वैरी, यात दुमत नाही. ३० सप्टेंबर २००६ ला मुंबई पोलिसांनी पत्रकार परिषद घेऊन प्रकरण उलगडल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत ना 'संशयित' होता ना 'कथित'. मोक्काखालच्या कबुलीजबाबांवर २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. एक जण तेव्हाच निर्दोष सुटला, नऊ वर्षे आत काढून. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराच्या बारा जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब छळातून आले आणि ते विश्वासार्ह नाहीत, बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकार पक्षाला दाखवता आले नाही, असे न्यायालय म्हणाले. त्या बारांतला एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच वारला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, अपील तिथे आहे, हेही इथे नोंदवतो. सुटलेल्यांना परत आत जावे लागलेले नाही.

त्या निकालपत्रात एक मुद्दा आहे, तो प्रत्येक वृत्तसंपादकाने आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवावा. गुन्हा उलगडल्याचा नुसता देखावा केला की समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकाट राहतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ज्यांचे नातलग लोकलमध्ये गेले, त्यांचीही ही फसवणूक आहे. एकोणीस वर्षांनी त्यांच्या हातात काय उरले?

२००६ च्या त्याच सप्टेंबरात आणखी दोन गोष्टी घडल्या. ८ तारखेला, शब-ए-बारातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर मालेगावात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मेली, बहुतेक सगळे मुसलमान. पकडले गेले नऊ जण, तेही मुसलमानच. त्यांना २०११ मध्ये जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने दोषमुक्त केले. तोवर त्यांतला एक जण हयात नव्हता. २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला सुटले. आरोपी टोपीवाला असो की टिळेवाला, मालेगावच्या मेलेल्यांना कोणी मारले याचे उत्तर सरकारपाशी नाही. दुसरी गोष्ट २२ सप्टेंबरची. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे सात आदेश दिले. तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, बदल्यांत राजकारण्यांचा हात नको, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. हा आदेश आणि ती पत्रकार परिषद यांत आठ दिवसांचे अंतर. वाचकांनी स्वतःलाच विचारावे, यांतले आपल्याला काय आठवते? जे आपल्याला आठवत नाही, ते करण्याची सरकारला घाई कशी असेल?

ख्वाजा युनूसचे नाव मात्र आपल्याला आठवते. परभणीचा इंजिनिअर. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर स्फोटानंतर पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले, गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. तो कधीच सापडला नाही. कोठडीतल्या मारहाणीत तो मेला, असा आरोप ठेवून चार पोलिसांवर खटला भरला गेला. ज्या स्फोटासाठी त्याला पकडले होते त्या खटल्यातले आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. त्याच्या आईने उंबरठे झिजवले. निलंबित झालेल्यांतले सचिन वाझे त्या काळी वर्तमानपत्रांचे लाडके 'स्पेशालिस्ट' होते. जून २०२० मध्ये त्यांना इतर तिघांसह सेवेत परत घेतले गेले, तेव्हा युनूसच्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. वर्षभराच्या आत, अंबानींच्या घराजवळ स्फोटकांची गाडी सापडल्याच्या प्रकरणात त्यांनाच अटक झाली आणि मे २०२१ मध्ये ते बडतर्फ झाले. आता सगळ्या वाहिन्यांना एकाएकी कळले की हा मनुष्य बरा नव्हे. परभणीच्या त्या म्हातारीला हे अठरा वर्षांपूर्वीच ठाऊक होते. तिला कोणी विचारले नाही.

याला जोडूनच १९९३. १२ मार्चच्या स्फोटांत २५७ माणसे गेली. त्या पापाचे समर्थन कोणी करू नये, आपल्यातल्या कोणी केले असेल तर त्याची लाज वाटली पाहिजे. त्या स्फोटांचा खटला चालला, शंभर जण दोषी ठरले, त्यावर पुस्तके आली, सिनेमे आले. त्याआधीच्या दोन महिन्यांतल्या दंगलीत ९०० माणसे गेली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये पोलिसांच्या मनातल्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहावर स्पष्ट बोट ठेवले आणि ३१ पोलिसांची नावे घेतली. त्यातून शिक्षा किती झाल्या? आणि त्या अहवालातल्या कोणत्या प्रसंगावर गल्ला जमवणारा चित्रपट निघाला? जे पडद्यावर आले ते इतिहास झाले, जे अहवालात राहिले ते कपाटात गेले.

पोलीस तरी कुठून येतो? तो आपल्याच प्रेक्षागृहातून उठून ठाण्यात जातो. कॉमन कॉज आणि सीएसडीएस यांनी २०१९ मध्ये पोलिसांचेच सर्वेक्षण केले. मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे झुकतात, असे कमीअधिक प्रमाणात मानणारे पोलीस जवळजवळ निम्मे निघाले. हे त्याला पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिकवलेले नाही. २०२१ च्या 'सूर्यवंशी'त चांगला मुसलमान आणि वाईट मुसलमान असा जो हिशेब मांडला आहे, तो बघत तो मोठा झाला. पासपोर्टच्या चौकशीसाठी मी एकदा ठाण्यात गेलो होतो. हवालदार भला माणूस. माझे उत्तर ऐकून म्हणाला, "सर, तुमचं मराठी फारच छान आहे हो." मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवत होतो. त्याने चहा मागवला, सहीला वेळ लावला नाही, पैसे मागितले नाहीत. फक्त निघताना सहज विचारले, "घरी बाहेरचं कोणी येऊन राहतं का?" माझ्या आधी बसलेल्या जोशी गुरुजींना हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता.

आता थोडे आपल्या घरातले. 'जंजीर' हा १९७३ चा चित्रपट, संतापलेल्या फौजदाराचा मूळपुरुष, सलीम-जावेद यांच्या लेखणीतून उतरला. त्यातला शेरखान आपल्याला इतका आवडला की आपण विजयच्या वर्दीकडे पाहिलेच नाही. आपल्या मोहल्ल्यात 'सिंघम' चारशे वेळा पाहणारी पोरे आहेत. आणि जे सिनेमा पाहत नाहीत, केवळ आपली उर्दू वर्तमानपत्रे वाचतात, त्यांचे तरी काय? तिथे उलटे चित्र. पकडलेला प्रत्येक जण पहिल्याच दिवशी 'बेकसूर', पोलीस प्रत्येक जण जालीम. हेही पुरावा न पाहताच. आपणही तेच केले, फक्त शाई बदलली. त्याहून मोठा दोष सांगतो. मेलेला माणूस आपला नसेल तर आपण गप्प बसतो. मन्या सुर्वे आपला नव्हता. ११ नोव्हेंबर २००६ ला मारला गेलेला लखन भैया, म्हणजे रामनारायण गुप्ता, आपला नव्हता. त्याच्या वकील भावाने सतरा वर्षे एकट्याने लढा दिला. २०१३ मध्ये तेरा पोलीस दोषी ठरले आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने प्रदीप शर्मांना जन्मठेप दिली. शर्मांचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले आहे आणि त्यांना जामीन मिळाला आहे. त्या सतरा वर्षांत आपल्या किती संघटनांनी त्या भावाच्या पाठीवर हात ठेवला? बदलापूरचा आरोपीही आपला नव्हता, म्हणून हॉटेलात टाळी वाजली.

यावर मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो: मग तुम्हाला पोलीस शूर नकोत का? हवेत. माझ्या नजरेपुढे तुकाराम ओंबळे आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हाती लाठी होती, समोर कसाबची रायफल. त्यांनी ती रायफल हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि म्हणून कसाब जिवंत सापडला. त्या एका जिवंत माणसामुळे कटाची दोरी कुठवर जाते ते जगाला कळले. त्याच्यावर खटला चालला, त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता आले, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात त्याला फाशी झाली. त्याच्या नऊ साथीदारांना आपल्या मुंबईच्या कब्रस्तानाने दफनाला जागा दिली नाही, हेही आपण अभिमानाने सांगतो. महाराष्ट्र पोलिसांच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे शौर्य कोणाला मारण्याचे नव्हे, पकडण्याचे होते. वाहिन्या दर नोव्हेंबरात ओंबळे यांच्या पुतळ्याला हार घालतात आणि उरलेले अकरा महिने सिंघमची आरती करतात. बारा-बारा तास उभा राहणारा, गळक्या क्वार्टरमध्ये राहणारा, गणपती-मोहरमला घरी न जाणारा शिपाई यांना दिसत नाही, कारण त्याच्याजवळ मारलेल्यांचा आकडा नाही.

तर माझा भाचा. तो सध्या पोलीस शिपाई भरतीची तयारी करतो आहे. पहाटे पाचला उठून शाळेच्या मैदानावर सोळाशे मीटर धावतो, गोळा फेकतो. आम्ही घरच्यांनी त्याला बूट घेऊन दिले. सच्चर समितीने २००६ मध्येच पोलिसांत आपली संख्या किती कमी आहे ते दाखवले होते, तेव्हा तो जावा, नक्की जावा, असेच माझे मत आहे. तो निवडला गेला तर त्याचीही गत 'सरफरोश'मधल्या इन्स्पेक्टर सलीमसारखी होईल का, दर केसला इमान सिद्ध करावे लागेल का, ही भीती माझ्या बहिणीला आहे. मला दुसरीच आहे.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्याला बदलापूरच्या अहवालाविषयी सांगितले. बोटांच्या ठशांचे, पाच पोलिसांचे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मामू, वो पाच में एक ड्रायव्हर भी होगा ना? शिपाई?"

मी म्हटले, "असेल."

"मैं भरती हुआ, और साब बोले गाडी में बैठ, तो मैं क्या करूँ?"

त्याची आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती म्हणाली, "रात झाली, झोप आता. सकाळी पळायचं आहे." तो उठला, बूट दारापाशी काढून ठेवले आणि आत गेला.